चांदी, सिमेंट, कॉम्पोझिट : दात भरण्याच्या पदार्थांची पारख

दात भरून घ्यायला खुर्चीत बसलेला माणूस बहुधा दोन प्रश्न विचारतो. हे किती वर्षे टिकेल, आणि याने अंगाला काही अपाय तर होणार नाही ना? दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. ताकद, झीज, आयुष्य एकीकडे. विषारीपणा, ॲलर्जी, पेशींवरचे परिणाम दुसरीकडे. ही विभागणी शिकवायला सोयीची असली तरी ती दिशाभूल करते. दाताच्या बाबतीत न टिकणारा पदार्थ हाच एक अपाय असतो, आणि सुरक्षिततेचा हिशेब मांडताना तो धरला नाही तर हिशेब चुकतो.

याचे कारण दाताच्या घडणीत आहे. मोडलेले हाड जुळते, कापलेली त्वचा भरून येते. दाताचे बाहेरचे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. एकदा गेलेले एनॅमल परत येत नाही. जुने फिलिंग काढून नवे बसवताना दंतवैद्य कितीही जपून काम करो, थोडा चांगला दातही कापला जातोच आणि खड्डा आधीपेक्षा मोठा होतो. शाळेत असताना दाढेच्या चरीत भरलेले दोन मिलिमीटरचे फिलिंग कॉलेजात असताना निघते. त्या जागी दुप्पट रुंदीचे येते. मग दाढेची एखादी भिंत तुटते, कीड मज्जेपर्यंत पोचते, रूट कॅनाल होते, वर कॅप बसते, आणि पन्नाशीच्या आत तो दात काढण्याची वेळ येते. यात पदार्थाने विषबाधा केली नाही, पण दात मात्र गेला. म्हणून कोणत्याही पदार्थाला एकाच वेळी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. तो अंगात काय सोडतो? तो दाताला किती घट्ट बंद करतो? आणि ज्या परिस्थितीत तो प्रत्यक्ष भरला जाणार आहे, त्या परिस्थितीत तो आपले काम करू शकतो का? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात निर्णायक तोच आहे.

सुरुवात अमाल्गमपासून करणे भाग आहे, कारण सर्वांत जुना वाद त्याचाच आहे आणि सर्वांत जास्त मोजमापही त्याचेच झालेले आहे. आपल्याकडे ज्याला लोक ‘चांदी भरणे’ म्हणतात त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. उरलेला भाग चांदी, कथील, तांबे आणि कधी थोडे जस्त. चांदी आणि पाऱ्याच्या अशा लेपाचा उल्लेख चीनमध्ये तांग राजवटीतल्या इ.स. ६५९ च्या औषधी ग्रंथात आहे. युरोपात ऑग्यूस्त ताव्हो याने १८२६ मध्ये पॅरिसात ‘चांदीचा लेप’ वापरला. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी तो अमेरिकेत नेला, भडक जाहिरात केली आणि अतिशय निष्काळजी कामे केली. तिथल्या प्रतिष्ठित दंतवैद्यांच्या संघटनेने १८४५ मध्ये अमाल्गम न वापरण्याची शपथ सदस्यांवर घातली. सोने ठोकून भरण्याचा खर्च परवडत नसलेल्या रुग्णांना स्वस्त पर्याय हवाच होता, त्यामुळे ती शपथ पाळली गेली नाही आणि १८५६ मध्ये ती संघटनाच विसर्जित झाली. त्या वेळी दोन्ही बाजूंनी पाऱ्याबद्दल तावातावाने बोलले गेले, पण तोंडात पारा किती सुटतो हे मोजण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

अमाल्गम दीडशे वर्षे टिकून राहिले ते त्याच्या रसायनामुळे. चांदी आणि कथिलाच्या भुकटीत पारा मिसळला की सुरुवातीला मऊ, दाबता येईल असा गोळा होतो. मग पारा चांदीशी आणि कथिलाशी नवी संयुगे करतो आणि गोळा काही तासांत कठीण होतो. शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९० च्या दशकात धातूंचे प्रमाण पद्धतशीरपणे बसवले आणि फिलिंग घट्ट होताना फुगण्याची किंवा आकसण्याची तक्रार आटोक्यात आणली. तरी एक कच्चा दुवा राहिला होता. कथील आणि पारा यांचे संयुग मऊ असते आणि लाळेत लवकर गंजते, त्यामुळे फिलिंगच्या कडा तुटत. १९६३ मध्ये इनेस आणि युडेलिस यांनी तांब्याचे प्रमाण वाढवलेला मिश्रधातू मांडला. त्यात कथील पाऱ्याऐवजी तांब्याशी बांधले जाते आणि तो कच्चा दुवा जवळजवळ नाहीसा होतो. आज वापरात असलेले अमाल्गम याच जातीचे आहे.

त्याचा एक गुण मात्र दोषातूनच आला आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. अमाल्गम दाताला चिकटत नाही. भरल्याबरोबर त्याच्या आणि दाताच्या मध्ये काही मायक्रोमीटरची फट असतेच. पण त्या फटीत लाळ शिरली की धातू हळूहळू गंजतो आणि गंजाचे क्षार फट बुजवत जातात. महिन्यागणिक त्याची कड आपोआप बंद होत जाते. खड्डा पूर्ण कोरडा नव्हता, हिरडीतून थोडे रक्त आले, रुग्णाने मध्येच तोंड मिटले, तरी अमाल्गम बहुतेक वेळा निभावून नेते. सरकारी रुग्णालयातल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, जिथे एका खुर्चीमागे रांग लागलेली असते, तिथे या सोशिकपणाची किंमत काय असते हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता पाऱ्याकडे वळू. लोकांच्या मनात पारा म्हणजे मिनामाटा. जपानच्या त्या किनाऱ्यावर १९५६ मध्ये नोंदल्या गेलेल्या आजाराला कारण होता मिथिल पारा, म्हणजे कार्बनशी जोडलेला सेंद्रिय पारा, आणि तो कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत व माशांतून माणसांत गेला होता. फिलिंगमधून सुटतो तो धातुरूप पारा, आणि तोही वाफेच्या रूपात. धातुरूप पारा गिळला तर आतड्यातून अगदी नगण्य शोषला जातो, पण त्याची वाफ श्वासातून गेली तर सुमारे ८० टक्के फुफ्फुसातून रक्तात जाते. चावताना, दात खाताना, गरम पेय घेताना ही वाफ जास्त सुटते. म्हणून ‘घट्ट झालेल्या अमाल्गममधून पारा सुटतच नाही’ हे जुने आश्वासन चुकीचे होते, आणि ते इतकी वर्षे दिले गेले याने दंतवैद्यकाच्या विश्वासार्हतेला धक्काच बसला.

किती सुटतो, याची उत्तरे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१ च्या अहवालात अमाल्गममुळे शरीरात राहणाऱ्या पाऱ्याचा अंदाज दिवसाला ३ ते १७ मायक्रोग्रॅम असा दिला होता. नंतरची बरीच मोजमापे या पल्ल्याच्या खालच्या टोकाकडे आली. तुलनेसाठी, कामाच्या जागेच्या हवेत पाऱ्याची वाफ घनमीटरमागे २५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल अशी एक प्रचलित मर्यादा आहे. आठ तासांच्या पाळीत माणूस साधारण १० घनमीटर हवा घेतो, म्हणजे त्या मर्यादेवर तो २५० मायक्रोग्रॅम श्वासात घेईल. हा फरक मोठा आहे, पण त्यावरून निश्चिंत होऊ नये. ती मर्यादा निरोगी प्रौढ कामगारासाठी आहे. गर्भाला किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला ती लावता येत नाही.

यापुढचा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष मुलांवर झालेले दोन प्रयोग, आणि त्यांचा उल्लेख टाळून या विषयावर लिहिणे म्हणजे वाचकाची फसवणूक होईल. लिस्बनच्या कासा पिया संस्थेतली ८ ते १० वर्षांची ५०७ मुले आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली ६ ते १० वर्षांची ५३४ मुले. कोणाला अमाल्गम आणि कोणाला कॉम्पोझिट हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने ठरवले गेले. लिस्बनमध्ये सात वर्षे आणि न्यू इंग्लंडमध्ये पाच वर्षे त्यांची स्मरणशक्ती, लक्ष, हालचाली, बुद्ध्यंक, मूत्रपिंडाचे काम यांची तपासणी होत राहिली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमाल्गमच्या गटात लघवीतला पारा थोडा जास्त आढळला, मज्जासंस्थेच्या चाचण्यांत मात्र दोन गटांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. न्यू इंग्लंडच्या गटात पुढे लघवीतून सूक्ष्म प्रमाणात प्रथिन जाण्याचे प्रमाण अमाल्गमच्या मुलांत जास्त आढळले. तो योगायोग असू शकतो असे संशोधकांनीच लिहिले, पण त्यांनी ते दडवले नाही, आणि आपणही दडवू नये.

या पुराव्याचा अर्थ मी असा लावतो: तोंडात नीट बसलेले अमाल्गम सामान्य माणसाला आजारी पाडत नाही. म्हणूनच ते उगाच काढून घेऊ नये. काढताना ड्रिलच्या घर्षणाने जी वाफ आणि धूळ उडते ती शांत बसलेल्या फिलिंगपेक्षा कितीतरी जास्त पारा देते, शिवाय चांगला दात कापला जातो तो वेगळाच. ‘शरीरातले विष काढतो’ म्हणून निरोगी माणसाची सगळी चांदी उपटून देणारे दवाखाने त्याच्या दातांचे आयुष्य कमी करत असतात. त्याचबरोबर गर्भवती, स्तनपान देणारी आई, लहान मूल, मूत्रपिंडाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असलेला माणूस यांच्या दातात नवे अमाल्गम भरू नये, ही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची २०२० मधली शिफारस मला योग्य वाटते. तिथे पुरावा अपुरा आहे, पर्याय उपलब्ध आहेत, आणि शंकेचा फायदा रुग्णालाच मिळायला हवा.

पाऱ्याचा खरा भार रुग्णापेक्षा दवाखान्यावर पडत आला आहे. हाताने अमाल्गम करण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. काचेच्या लहान खलात भुकटी आणि बाटलीतला पारा घोटायचा, तो गोळा कापडाच्या तुकड्यात घेऊन बोटांनी पिळायचा, आणि कापडातून पाझरणारे पाऱ्याचे चमकते थेंब ट्रेवर, टेबलावर, फरशीच्या सांध्यात घरंगळायचे. खोलीत वातानुकूलन असेल तर खिडक्या बंद. सांध्यात अडकलेला थेंब महिनोन्महिने वाफ सोडत राहतो आणि ती घेतात डॉक्टर, मदतनीस आणि खोली झाडणारी बाई. आधीच मोजून भरलेली बंद कॅप्सूल हा प्रकार यामुळेच आला, आणि सुटा पारा वापरणे हे आता कोणत्याही कारणाने समर्थनीय राहिलेले नाही.

दवाखान्याबाहेरही पारा जातो. पिंकदाणीतून, सक्शनच्या नळीतून अमाल्गमचे कण गटारात जातात. नदीच्या, खाडीच्या गाळात जिवाणू त्यातल्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करू शकतात. म्हणजे दंतवैद्याच्या खुर्चीतला सौम्य पारा पाण्यात गेल्यावर त्याच मिनामाटाच्या जातीचा होऊ शकतो. नळीला लावलेला अमाल्गम विभाजक निदान ९५ टक्के कण अडवतो. अमाल्गम असलेला काढलेला दात जाळण्याच्या कचऱ्यात टाकायचा नसतो, कारण भट्टीतून तो पारा हवेत जातो. नॉर्वेने २००८ मध्ये अमाल्गम बंद केले ते मुख्यतः पर्यावरणासाठी. स्वीडनने २००९ मध्ये तेच केले. युरोपीय संघाने जुलै २०१८ पासून १५ वर्षांखालील मुले आणि गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी आणि १ जानेवारी २०२५ पासून, अपवादात्मक वैद्यकीय गरज सोडून, सर्वांसाठी ते थांबवले. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला, २०१७ मध्ये लागू झाला, आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात सदस्य देशांनी २०३४ पर्यंत दंत अमाल्गम संपवण्याचे ठरवले. तेव्हा अमाल्गम ठेवायचे की नाही हा वाद निकाली निघाला आहे. त्याच्या जागी येणारे पदार्थ त्याच्याइतके सोशिक आहेत का, हे आता तपासायला हवे.

दातांच्या रंगाचे जे फिलिंग आज बहुतेक खासगी दवाखान्यांत भरले जाते ते कॉम्पोझिट. त्याचा पाया दोन शोधांचा आहे. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले की एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावले तर पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांनी खडबडीत होतो आणि रेझिन त्यात घट्ट रुतते. धातूवर रंग देण्यापूर्वी आम्ल लावण्याची औद्योगिक रीत त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पुढे राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए हे रेझिन तयार केले आणि त्यात काचेची बारीक पूड घातली. निळ्या प्रकाशाने, सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, ते मिश्रण घट्ट होते.

इथे एक फिलिंग जवळून पाहू. खालच्या पहिल्या दाढेत, मागच्या दाढेला लागून, हिरडीच्या कडेपर्यंत गेलेली कीड आहे. आधी रबरी पडदा लावून ती दाढ लाळेपासून वेगळी करायची. कीड काढून पातळ धातूची पट्टी आणि लाकडी पाचर बसवायची, म्हणजे शेजारच्या दाढेशी नेमका स्पर्श राहील. सदतीस टक्क्यांचे आम्ल आधी एनॅमलच्या कडेला आणि मग आतल्या डेंटिनला लावायचे. डेंटिनवर ते पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. भरपूर पाण्याने धुवायचे. मग वाळवायचे, पण किती? एनॅमल पांढरट दिसावे आणि डेंटिन किंचित चमकत ओलसर राहावे. फार वाळले तर डेंटिनचे तंतू आडवे पडतात आणि बाँडिंग, म्हणजे चिकटवणारे पातळ रेझिन, आत शिरत नाही. फार ओले राहिले तरी चिकटत नाही. बाँडिंग वीस सेकंद घासून लावायचे, हळू हवेने त्यातला द्रावक उडवायचा, प्रकाश द्यायचा. मग कॉम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचे आणि प्रत्येक थराला प्रकाश द्यायचा. हे सगळे होईपर्यंत पाऊण तास सहज जातो, आणि यातल्या कोणत्याही टप्प्यावर लाळेचा एक थेंब आत गेला तर त्या जागची पकड सुटते.

दोन मिलिमीटरच्या थरामागे कारण आहे. प्रकाश खोल जात नाही, आणि घट्ट होताना कॉम्पोझिट आकारमानाने साधारण दोन-तीन टक्के आकसते. आकसताना ते दाताच्या भिंतींना आतून ओढते. ओढ जास्त झाली की एकतर भिंतीला तडा जातो किंवा हिरडीजवळच्या कडेला, जिथे एनॅमल पातळ आणि पकड कमजोर असते, तिथे सांधा सुटतो. त्या सुटलेल्या सांध्यातून जिवाणू शिरतात, आणि इथे गंज येऊन फट बुजवणारे काही नसते. चार मिलिमीटरच्या एका थरात भरता येणारी नवी कॉम्पोझिट निघाली आहेत आणि त्यांनी वेळ वाचतो, पण प्रकाशाची अट सुटलेली नाही.

ही अट आपल्याकडे फार हलक्यात घेतली जाते. प्रकाशाच्या यंत्राची काच ओरखडलेली असते, तिच्यावर जुने कॉम्पोझिट चिकटलेले असते, बॅटरी जुनी झालेली असते. फिलिंगचा वरचा पापुद्रा तरीही कडक लागतो. रुग्णाला आणि कधी डॉक्टरलाही कळत नाही की तळाचा थर अर्धाकच्चा आहे. कॉम्पोझिटमधले सगळे रेणू कधीच जोडले जात नाहीत, चांगल्या प्रकाशातही साधारण निम्मे ते ७० टक्के बंध पूर्ण होतात. कमी प्रकाशात हे प्रमाण आणखी घसरते. न जोडलेला सुटा रेणू, म्हणजे मोनोमर, लाळेत आणि मज्जेकडे झिरपतो. एकाच चुकीने टिकाऊपणाही गेला आणि सुरक्षितताही. प्रकाश मोजण्याचे लहान यंत्र स्वस्त असते. ते प्रत्येक दवाखान्यात असावे आणि नियमित वापरले जावे, याबद्दल माझ्या मनात कोणतीही शंका नाही.

कॉम्पोझिटच्या रसायनाबद्दलची भीती बीपीए (बिस्फेनॉल-ए) या नावाभोवती फिरते. बिस-जीएमए तयार करताना बीपीए वापरले जाते, पण घट्ट झालेल्या बिस-जीएमएमधून ते सहजासहजी परत सुटत नाही. बिस-डीएमए या दुसऱ्या रेझिनचे मात्र लाळेतल्या विकरांमुळे विघटन होऊन बीपीए तयार होऊ शकते. स्पेनमधल्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाढेच्या चरी बंद करणारे सीलंट लावल्यानंतरच्या लाळेत बीपीए दाखवले आणि तिथून चिंता सुरू झाली. पुढच्या मोजमापांत दिसले की ते उपचारानंतरच्या काही तासांत आढळते आणि मग उतरते. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा पूर्वीपेक्षा २०,००० पट खाली आणली, त्यामुळे ‘प्रमाण नगण्य आहे’ हे जुने उत्तर आता तितक्या सहजतेने देता येत नाही. न्यू इंग्लंडच्या त्याच मुलांचे २०१२ मध्ये आणखी एक विश्लेषण आले. बिस-जीएमए असलेल्या कॉम्पोझिटच्या गटात मुलांच्या वागणुकीचे गुण किंचित कमी होते. कारण सिद्ध झालेले नाही. पण पारा टाळला म्हणजे सगळे प्रश्न संपले, असे त्यातून म्हणता येत नाही. यावर हातात असलेला उपाय साधा आहे: प्रकाश पुरेसा द्यावा, वरचा न जोडलेला चिकट थर पॉलिश करून किंवा ओल्या कापसाने पुसून काढावा आणि रुग्णाला खळखळून चूळ भरून थुंकायला लावावी. यात फार तर अर्धा मिनिट जातो.

रुग्णापेक्षा कर्मचाऱ्याला जास्त धोका हे इथेही खरे आहे. बाँडिंगमधला हेमा नावाचा मोनोमर लॅटेक्सच्या हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातो. बोटांच्या टोकांना भेगा, खाज, सोलवटणे अशी ॲलर्जी एकदा जडली की ती आयुष्यभर राहते आणि काहींना हे काम सोडावे लागते. न घट्ट झालेल्या रेझिनला बोट लावायचे नाही, हा नियम मदतनिसांना पहिल्या दिवशी सांगायला हवा. सहसा तो कोणी सांगत नाही.

टिकाऊपणात दोन्ही पदार्थांची थेट तुलना उपलब्ध आहे. लिस्बनच्या मुलांमध्ये सात वर्षांच्या अखेरीस अमाल्गमची ९४.४ टक्के फिलिंगे शाबूत होती, कॉम्पोझिटची ८५.५ टक्के. फरक पडला तो मुख्यतः फिलिंगच्या कडेला पुन्हा लागलेल्या किडीमुळे. तिचा धोका कॉम्पोझिटमध्ये साडेतीन पट निघाला. लिस्बन आणि न्यू इंग्लंड या दोन्ही प्रयोगांची मिळून, वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने केलेली समीक्षाही कॉम्पोझिट अपयशी ठरण्याचा धोका जवळजवळ दुप्पट सांगते. मात्र नेदरलँड्समधल्या एका दवाखान्याच्या बारा वर्षांच्या नोंदी वेगळेच सांगतात. किडीचा धोका कमी असलेल्या रुग्णांत कॉम्पोझिट अमाल्गमपेक्षा जास्त टिकले, आणि धोका जास्त असलेल्यांत अमाल्गम. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. तोच पदार्थ, तोच हात, पण तोंड बदलले की आयुष्य बदलते. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा आणि बिस्किटे खाणाऱ्याच्या तोंडात कॉम्पोझिटची कड वाचवणे कोणत्याही कंपनीच्या हातात नाही.

तिसरा पदार्थ ग्लास आयोनोमर. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘सिमेंट’ म्हणतात ते बहुधा हेच. लंडनच्या सरकारी रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६९ मध्ये ते शोधले. फ्लोराइड असलेल्या काचेची पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल एकत्र आले की आम्ल काच विरघळवते आणि त्यातून सिमेंट घट्ट होते. हेच आम्ल दातातल्या कॅल्शियमशीही बंध करते, म्हणून बाँडिंगचा वेगळा टप्पा लागत नाही. थोडा ओलावा चालतो. पारा नाही, बिस-जीएमए नाही, प्रकाशाची गरज नाही. गरम-गार पदार्थांनी होणारे प्रसरण दाताच्या जवळचे. फ्लोराइड सुटते, तोंडात नवी कीड त्यामुळे किती थांबते याचा पुरावा मात्र जाहिरातींइतका भक्कम नाही. उणीव स्पष्ट आहे: ते ठिसूळ आहे आणि झिजते.

विजेशिवाय, फक्त हातातल्या अवजारांनी कीड खरवडून त्या जागी हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. सिमेंट भरले की हातमोज्याच्या बोटाला व्हॅसलीन लावून ते खड्ड्यात आणि शेजारच्या चरींत दाबून धरायचे, ही त्यातली खास युक्ती. दाताच्या एकाच पृष्ठभागावरच्या खड्ड्यात या फिलिंगचे आयुष्य समाधानकारक असते; दोन दातांच्या मधल्या खड्ड्यात ते पटकन तुटते. हा फरक न सांगता ‘सिमेंट टिकत नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे, आणि सगळीकडे सिमेंटच भरत सुटणे त्याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर घेतले ते याच उपयोगासाठी.

सिमेंटही भुकटी आणि द्रवाच्या प्रमाणाला फार हळवे आहे. हाताने कालवताना एक थेंब द्रव जास्त पडला की ते भरायला सोपे आणि टिकायला कमजोर होते. घाईत असलेला हात नेमका तोच थेंब जास्त टाकतो. भरल्यानंतर लगेच त्यावर वार्निश किंवा व्हॅसलीन लावले नाही तर पृष्ठभाग खडूसारखा होतो. त्यामुळे सोशिकपणात हे अमाल्गमच्या जवळ जाते, पण त्याची जागा पूर्णपणे घेत नाही.

दुधाच्या दाढांसाठी मात्र माझे मत पक्के आहे. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी कीड न काढता, ड्रिल न लावता, सुई न टोचता दुधाच्या दाढेवर स्टीलची तयार कॅप सिमेंटने बसवायला सुरुवात केली. चाचण्यांत ही रीत नेहमीच्या फिलिंगपेक्षा सरस ठरली. अमेरिकेत मेर्ट्झ-फेअरहर्स्ट यांच्या दहा वर्षांच्या अभ्यासानेही हेच दाखवले होते, की कीड आत ठेवून वरून कड पक्की बंद केली तर ती वाढत नाही, कारण जिवाणूंचा अन्नपुरवठाच तुटतो. पदार्थाचे मुख्य काम खड्डा भरणे नसून सांधा बंद ठेवणे आहे, याचा याहून थेट पुरावा नाही. कॅपमधल्या निकेलची ॲलर्जी असलेली मुले अर्थातच वगळायची.

निकेलचा विषय निघालाच आहे तर कॅपबद्दल थोडे. स्वस्त धातूच्या आणि धातूवर चिनीमाती चढवलेल्या कॅपमध्ये निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू असतो. कृत्रिम दागिन्यांनी कान चिघळणाऱ्या रुग्णाने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. काही मिश्रधातूंत बेरिलियम असते आणि त्याची धूळ घासकाम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या फुफ्फुसात कायमचा आजार करते, म्हणून बेरिलियमविरहित धातूच मागवला पाहिजे. दंत पोर्सेलिनला नैसर्गिक चमक यावी म्हणून एके काळी त्यात युरेनियम घालत, हे आज अविश्वसनीय वाटते. ती पद्धत १९८० च्या दशकापर्यंत बंद झाली.

भारतात २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली, आणि दात भरण्याचे पदार्थही त्यात येतात. परवाना, प्रमाणपत्र, विषारीपणाच्या चाचण्या यांची चौकट त्यामुळे तयार झाली. ती चौकट पदार्थाची बाटली कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत काम करते. दुकानात उन्हात पडलेले बाँडिंग, मुदत संपलेले सिमेंट, झाकण उघडे राहून द्रावक उडालेली बाटली या गोष्टी तिच्या पलीकडच्या आहेत.

अमाल्गम जाण्यासाठी उरलेल्या वर्षांत महाराष्ट्रातल्या शासकीय दंत महाविद्यालयांनी आणि ग्रामीण रुग्णालयांनी खरेदीच्या यादीतून एक ओळ काढून दुसरी घालून भागणार नाही. कॉम्पोझिट घ्यायचे तर रबरी पडदा, प्रकाश मोजण्याचे यंत्र, चालू सक्शन, मदतनीस आणि एका दाताला पाऊण तास हे सगळे त्यासोबत घ्यावे लागेल. ते देता येत नसेल तर एका पृष्ठभागाच्या खड्ड्यांना भरपूर भुकटीचे ग्लास आयोनोमर, मुलांना स्टीलच्या कॅप, आणि मोठ्या खड्ड्यांना वेगळी तारीख, अशी वाटणी उघडपणे ठरवावी. बिघडलेल्या फिलिंगचा फक्त तुटलेला कोपरा दुरुस्त करणे बहुतेक वेळा पुरते. संपूर्ण फिलिंग उकरण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे थांबवायला हवे.

आणि केसपेपरवर ‘फिलिंग केले’ एवढेच लिहिण्याची पद्धत बदलावी. कोणता पदार्थ, कोणत्या कंपनीचा, बॅच क्रमांक काय, दाताचे किती पृष्ठभाग भरले, रबरी पडदा लावला होता की नाही, या पाच नोंदींना एक ओळ पुरते. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात कोणते फिलिंग किती वर्षे टिकते हे जाणून घ्यायला आपल्याला लिस्बन आणि नेदरलँड्सच्या आकड्यांकडे पाहावे लागते. ही ओळ दहा वर्षे नेमाने लिहिली गेली तर ते आकडे आपल्याच कपाटात सापडतील, आणि रुग्णालाही तिची एक प्रत मागण्याचा हक्क आहे.